पाचवा कितीवर गेला

जानेवारी २०२१ मधल्या एका मंगळवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझे वडील वारले. त्याच दुपारी एक वाजून गेल्यावर भारतानं ऑस्ट्रेलियात कसोटी सामना आणि मालिका जिंकली. दोन घटनांमध्ये साधारण चाळीस मिनिटांचं अंतर आहे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हे अंतर नव्हतं. पुढं त्या विजयावर सिनेमा आला, त्यातही ते नव्हतं.

पेपरातून ते कसं गेलं, हे मला माहीत आहे. मी त्याच पेपरात वृत्तसंपादक होतो.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी होटगीला रेल्वेत झाली. रविवारी ते सोलापुरात येऊन रेल्वेच्या टीमचे सामने लिहायचे. ते खेळले कधीच नाहीत. मैदानाच्या कडेला टेबल, त्यावर लांब स्कोअरबुक, दोन टोक केलेल्या पेन्सिली, एवढंच त्यांचं क्रिकेट. मांडवात बसलेले लोक कोण आउट झाला यावर भांडत, तेव्हा अप्पा मान वर न करता एकच प्रश्न विचारायचे, "कितीवर?" गडी कोण होता हे नंतरही कळतं. तो गेला तेव्हा धावफलकावर काय होतं, हे त्या क्षणी लिहावं लागतं. त्यासाठी स्कोअरबुकात खाली दहा रकाने असतात.

आमच्या घरात कन्नड बोलतात. जेवण, भांडण, पाहुणे, आजार, देवघर, सगळं कन्नडमध्ये. क्रिकेट मात्र मराठीत. मैदानावर अप्पा मराठीत बोलायचे आणि ते तसंच घरात आलं. मी बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवरून ओरडायचो, "गेला!" आतून प्रश्न यायचा, "कितीवर?" मी आकडा सांगायचो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हिला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. पण हे दोन शब्द तिलाही पाठ होते. मी शाळेत असलो की ती रेडिओशी बसून "गेला" म्हणायची आणि आकडा वाचून दाखवावा तसा सांगायची.

अप्पांचा आणि माझा आवाज सारखा होता. अप्पांचे जुने सहकारी फोन करत तेव्हा मी उचलला, तर माझ्याशीच बोलायला लागत. अर्धी हकिगत सांगून झाल्यावर मला सांगावं लागे, "मी मुलगा बोलतोय."

शेवटच्या वर्षी अप्पांचं हृदय थकलं होतं. अक्का शाळेतून निवृत्त होऊन त्यांच्याकडे राहत होती. त्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी तिला टीव्ही लावू दिला नाही. आपण बघायला लागलो की आपला गडी जातो, असा त्यांचा अनुभव होता. आयुष्यभर आकड्यांवर भरवसा ठेवणारा माणूस या एका बाबतीत कोणाचं ऐकत नसे. तेव्हा असं ठरलं की गडी गेला की मी अक्काला फोन करायचा, तिनं आतल्या खोलीच्या दारात जाऊन "गेला" म्हणायचं, अप्पांनी "कितीवर?" विचारायचं, तिनं आकडा सांगायचा आणि त्यांनी पडल्या पडल्या वहीत लिहायचा.

पहिला गडी सकाळी लवकर गेला. तेव्हा मी घरी चहा पीत होतो. अठरा. दुसरा आणि तिसरा गेला तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर आणि ऑफिसात होतो. एकशे बत्तीस, एकशे सदुसष्ट. चौथा दोनशे अठ्ठावीसवर. प्रत्येक फोन दहा-बारा सेकंदांचा. चौथ्याच्या वेळी अक्का म्हणाली, "अप्पा म्हणतायत, ड्रॉ कर म्हणावं आता."

"मी कसा करू ड्रॉ?"

"तू पेपरात हायस की. सांग कुणाला तरी."

मागून अप्पांचा हसल्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला. मी ऐकलेला तो त्यांचा शेवटचा आवाज.

पाचवा गडी गेल्याचं कळवण्यासाठी मी १२.२४ ला फोन केला. ही वेळ मोबाईलमध्ये आहे. अक्काच्या दाराशी सिलिंडरवाला आलेला होता. ती त्याच्याशी आणि माझ्याशी एकदम बोलत होती. मी "गेला" म्हणालो, आकडा सांगितला, तिनं "बरं" म्हटलं.

१२.२९ ला तिचा फोन आला. दिवसभरात तिनं केलेला हा पहिला फोन होता. मी उचलला.

ती म्हणाली, "गेले."

मी म्हणालो, "कितीवर?"

मी पुन्हा विचारलं, "दोन गेले का एकदम?"

फोन बंद झाला. एकोणीस सेकंद.

मी समोरच्या स्क्रीनकडे बघितलं. तिथं पाचच गडी बाद होते.

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतले काना आणि मात्रा दुरुस्त केले. "गेला" आणि "गेले" यांत एका मात्रेचा फरक आहे, आणि आमच्या घरात फलंदाजाला कोणी अहोजाहो करत नव्हतं. अक्कानं कन्नडमध्ये "होदरु", म्हणजे हेच "गेले", म्हटलं असतं, तर मला त्याच क्षणी कळलं असतं. घरातलं मरण कन्नडमध्येच कळवलं जातं. आई गेली तेव्हाही तसंच कळवलं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून त्या फोनवर मराठी चाललं होतं, आणि तिच्या तोंडून मराठी आलं.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर आले होते. दाखल्यावर १२.४५ अशी वेळ आहे, ती डॉक्टरांच्या घड्याळातली. मी जिना चढत असताना, नाहीतर नुकताच चढून झाल्यावर, समोरच्या इमारतीत आरडाओरडा झाला आणि कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. अक्का आतल्या खोलीत पलंगाशी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी माती देऊन परत आल्यावर संपादकांचा फोन आला. त्यांनी सांत्वन केलं. मग विचारलं, "अप्पांना कळलं का हो, जिंकल्याचं?"

मी "हो" म्हणालो.

का म्हणालो, याची मी वर्षानुवर्षं कारणं शोधली आहेत. त्यातलं एकही तपासून बघता येत नाही, म्हणून इथं देत नाही. संपादकांनी विचारलं आणि मी हो म्हणालो, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी पान एकवर, विजयाच्या बातमीच्या पोटात, चौकट आली. मथळा होता "विजय ऐकला आणि डोळे मिटले". शहरातले एक जुने स्कोअरर भारताच्या विजयाची वार्ता मुलीच्या तोंडून ऐकून समाधानानं लिंगैक्य झाले, असा मजकूर होता. नाव दिलं होतं. चौकट डेस्कवरच्या सहकाऱ्यानं लिहिली होती आणि प्रूफ मला मोबाईलवर पाठवलं होतं. 'समाधानाने' आणि 'समाधानानं' असं दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं पडलं होतं. मी ते एकसारखं केलं आणि प्रूफ परत पाठवलं.

नातेवाईक यायला लागले. माढ्याच्या मावशी कात्रण हातात घेऊनच आल्या. "असं मरण पुण्यवानाला येतं," म्हणाल्या, आणि अक्काकडे वळून, "तुझ्या तोंडून ऐकलं की गं त्यांनी. काय म्हणाले शेवटी?"

अक्का म्हणाली, "काही नाही."

तिनं चौकट वाचली होती. त्याबद्दल ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या कशाबद्दलही फारशी बोलली नाही. त्या दिवसानंतर तिनं मला एकदाही फोन केला नाही. मेसेज यायचे. डॉक्टरकडे जायचंय. पाणी आलं नाही. श्रावण सोमवारी जेवायला ये. मी फोन केला तर उचलायची नाही, दोन मिनिटांनी मेसेज करायची, "काय?" समोर गेलो की चहा करायची, नीट बोलायची. फोनवर नाही.

याचा अर्थ मी एकच लावला होता. बाप गेल्याचं सांगायला बहिणीनं फोन केला आणि भावानं स्कोअर विचारला. तिनं मला माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

नवा फोन घेतला तेव्हा जुना मी टाकला नाही. त्यात ते एकोणीस सेकंद नोंदलेले आहेत, आवाज नाही, फक्त वेळ. महिन्यातून एकदा तो चार्ज करतो. कोणी ऐकलं तर विचित्र वाटेल, पण जी नोंद पुन्हा मिळणार नाही ती जपायची, ही आमच्या धंद्यातली साधी सवय आहे.

मी निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी मुंबईहून एका मुलीचा फोन आला. त्या विजयावर सिनेमा होत होता. ती त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळत होती आणि तिला चौकट सापडली होती. "सर, गावागावांत लोक मॅच कशी बघत होते, असे छोटे छोटे तुकडे मध्ये टाकणार आहोत. तुमच्या वडिलांचा प्रसंग फार सुंदर आहे. नाव वापरणार नाही. थोडं सिनेमॅटिक करावं लागेल, चालेल ना?"

खरं सांगायची ती माझी दुसरी संधी होती.

मी म्हणालो, "करा."

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा आठवड्याभरात अक्काचा मेसेज आला. "माढ्याच्या मावशी म्हणतात अप्पा सिनेमात आहेत. नेतोस का." मी रविवारची दुपारची तिकिटं काढली. थिएटर जवळजवळ भरलेलं होतं. आम्ही मधल्या रांगेत बसलो. अक्कानं पर्स मांडीवर घेतली आणि हात तिच्यावर ठेवले.

मी सिनेमा नोकरीत असल्यासारखा बघितला. पाच दिवसांचा सामना त्यांनी पन्नास मिनिटांत आणला होता. शेवटचा चौकार पाऊण मिनिट चालला. चेंडू हवेत नव्हताच, जमिनीवरून गेला होता, तरी पाऊण मिनिट. मधल्या बचावाच्या षटकांत काहीच घडत नव्हतं आणि सामना खरं तर तिथंच वाचला होता. ती सगळी षटकं एका गाण्यात गेली. यात मला नवल वाटलं नाही. दोनशे शब्दांत बसवायचं म्हटलं की आम्हीही तेच करत आलो. प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत असतो. तरी त्याला धडधड व्हावी, म्हणून सिनेमा वेळ ताणतो, आणि एकीकडे ताणलेली वेळ दुसरीकडून काढावी लागते.

अप्पांचा प्रसंग शेवटच्या चौकारानंतर होता. मी घड्याळ लावलं, बेचाळीस सेकंद. अंगणात बाजेवर एक दाढीवाला म्हातारा, अंगावर सोलापुरी चादर, कानाशी रेडिओ. मागं हातमागाचा आवाज. मावळतीचा उजेड. मुलगी धावत येते, "बाबा, जिंकलो!" म्हातारा हसतो. हात रेडिओवरून घसरतो. थिएटरात एक शिट्टी वाजली आणि मग टाळ्या.

आमच्या घरी हातमाग कधी नव्हता, रेडिओ केव्हाच मोडीत गेला होता, अप्पा रोज दाढी करत आणि वेळ भर दुपारची होती. हे मी मनात टिपत होतो. अक्काचं लक्ष भलतीकडेच होतं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती बोटांची पेरं मोजत होती. चौथ्या पेरावर थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

माझ्याकडे वाकून ती म्हणाली, "पाचवा कुटं गेला रे?"

मला आधी कळलं नाही. "कोण पाचवा?"

"अठरावर एक. एकशे बत्तीसवर दुसरा. सदुसष्टला तिसरा. दोनशे अठ्ठावीसवर चौथा. मग एकदम पुढचे दोनच दाखवले शेवटाकडचे. मधला एक कुटं गेला?"

तिचं बरोबर होतं. पाचवा गडी सिनेमात बादच झाला नव्हता. चौथा गेल्यावर तेच गाणं पुन्हा सुरू झालं होतं आणि गाणं संपलं तेव्हा खेळपट्टीवर दुसराच जोडीदार होता. थिएटरात बसलेल्या कोणालाही हे खटकलं नाही. मलाही नाही.

पुढच्या रांगेतला एक माणूस मागं वळला. "मावशी, जिंकलो की आपण. एक गडी कमी पडला तर तुमचं काय जातंय?"

"माझंच जातंय," अक्का म्हणाली.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला नाही, चपला काढून तशीच आतल्या खोलीत गेली आणि अप्पांची लांब वही घेऊन आली. मी ती वही त्या दिवसानंतर पाहिली नव्हती. तिनं शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. खालच्या दहा रकान्यांतले पहिले चार भरलेले होते. अप्पांचं अक्षर, पेन्सिलीचं, चौथ्या आकड्यातला आठ थरथरलेला. पाचव्या रकान्यात पेन्सिलीचा एक ठिपका होता. टोक टेकवून ठेवल्यासारखा.

"मी आकडा विसरले," अक्का म्हणाली.

ती उभीच होती.

"तू सांगितलास. तो सिलिंडरवाला सील बघा, वजन बघा म्हणत होता. दार लावून मी आत गेले आणि म्हणाले, गेला. अप्पांनी पेन्सिल टेकवली आणि विचारलं, कितीवर. मला आठवेना. मी दोनशे म्हणाले, पुढचं येईना. थांबा म्हणाले, विचारते. फोन बाहेर चार्जिंगला होता. तुला लावला, रिंग वाजायला लागली, आणि दारातून आत बघितलं."

तिनं वहीवरचा हात काढला.

"मग तू उचललास. मी म्हणाले, गेले. आणि आतून विचारल्यासारखं कानात आलं, कितीवर. अप्पांच्याच आवाजात. आत ते तसे पडलेले, डोळे उघडे, आणि फोनमधून विचारतायत, कितीवर. मला तू आहेस हे कळलंच नाही. मला वाटलं, आकडा घेतल्याशिवाय जाणार नाहीत."

मी पाचव्या रकान्यातला ठिपका बघत होतो.

"म्हणून फोनवर तुझा आवाज नको वाटतो," ती म्हणाली. "समोर असलास की तू असतोस. फोनवर ते असतात. उचलला की विचारतील असं वाटतं. आणि मला अजून आकडा माहीत नाही."

"मला विचारायचं होतंस."

"कसं विचारू? तूच छापलंस की सगळं ऐकून गेले म्हणून. मावशी पाया पडायच्या बाकी राहिल्या माझ्या." मग म्हणाली, "तुम्हा पेपरवाल्यांचं बरंय. मेलेल्या माणसालासुद्धा जिंकवून सोडता."

संपादकांना हो म्हणालो ते मी तिला सांगितलं. मुंबईच्या मुलीला करा म्हणालो, तेही सांगितलं. अप्पांना कळलं नव्हतं हे मला त्याच दिवशी, जिना चढतानाच माहीत होतं, हेही. ती ऐकत होती की नाही सांगता येत नाही. ती टेबलाच्या खणात पेन्सिल शोधत होती. मिळाली ती लाल-निळी होती, शाळेतली. निळ्या बाजूचं टोक तिनं बोटानं तपासलं.

"बोल," ती म्हणाली.

"दोनशे पासष्ट."

"नक्की?"

"नक्की."

तिनं ठिपक्यावरूनच आकडा लिहायला सुरुवात केली. शाळेत फळ्यावर लिहायची तसा, मोठा आणि सुटा. मी म्हणालो, "पुढचे दोन पण सांगू का? मॅच पुरी होईल."

"कशाला?" अक्का म्हणाली. "ते त्यांनी कुटं विचारले होते?"

पेपराला मी दुरुस्ती पाठवली. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर दुरुस्ती छापायची, असा आमचा नियम होता. ती आतल्या पानावर आली, तीन ओळींत, मात्रांची चूक न होता. सिनेमा अजून मोबाईलवर बघता येतो. त्यात पाचवा गडी बाद होत नाही.

वही अक्काकडे आहे. परवा मी पुन्हा बघितली. पहिले चार आकडे अप्पांच्या अक्षरात आहेत. पाचव्या रकान्यात निळ्या पेन्सिलीनं २६५ लिहिलं आहे, ते अक्षर अक्काचं आहे. सहावा आणि सातवा रकाना रिकामा आहे.